बाईंच्या माश्या

"नवरा गेला आणि माश्या आल्या," असं बाई कुणालाही पहिल्याच भेटीत सांगायच्या. समोरचा मराठी असला की त्याचा चेहरा पडायचा. "अरेरे, कधी?" असं तो आवाज खाली आणून विचारायचा. बाई त्याला पुरेसं हळहळू द्यायच्या, चहाचा एक घोट घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "गेला म्हणजे टोरांटोला गेला. ठणठणीत आहे. झुंबा शिकवणारी एक मिळाली त्याला."

मीसुद्धा अशीच हळहळले होते. डेल्फ्टचं मास्टर्स संपलं होतं, आम्स्टरडॅमला स्लोटरडाइकमधल्या एका ऑफिसात नोकरी लागली होती आणि राहायला जागा काही मिळत नव्हती. मराठी ग्रुपवर कुणीतरी कळवलं की हेगजवळ फोरबर्गला एक बाई आहेत, वरची खोली देतात. खाली कंसात लिहिलं होतं, 'जरा तऱ्हेवाईक'. मी म्हटलं, छप्पर तर तऱ्हेवाईक नसेल ना. गेले.

"काकू, खोली छान आहे," मी म्हणाले.

"काकू कुणाची? तुझ्या काकाला मी ओळखत नाही."

"मग मावशी म्हणू?"

"मला बहीण नाही. नावाने हाक मार. इथे पाच वर्षांचं पोरगंसुद्धा मारतं."

ते काही माझ्या जिभेला जमेना. मुलाखतभर मी "अहो, ते, तुम्ही" करत राहिले. शेवटी माझ्या तोंडून "बाई" निघालं, शाळेतल्यासारखं, आणि ते त्यांनी चालवून घेतलं.

"काम काय करतेस?"

"ॲप बनवते. बागेतलं गवत कापणारा रोबो असतो ना, तो फोनवरून चालवायचं ॲप."

बाईंनी कप खाली ठेवला. मागच्या खिडकीतून शेजारच्या बागेकडे बोट दाखवलं. तिथे एक कासवाएवढा काळा रोबो हिरव्यागार, बिलियर्डच्या टेबलासारख्या गवतावर निवांत फिरत होता. "तसला?"

"तसलाच. पण तो दुसऱ्या कंपनीचा आहे," मी घाईघाईने म्हणाले.

बाईंनी टेबलावरचे कप उचलले. मला वाटलं, गेली खोली. मग त्या म्हणाल्या, "ये राहायला. शत्रू वरच्या मजल्यावर असलेला बरा. पावलं ऐकू येतात."

त्या रस्त्यावरच्या बागांबद्दल सांगायला हवं. अर्ध्या बागांना फरशी घातलेली होती. काहींनी प्लास्टिकचं गवत अंथरलं होतं, आणि रविवारी सकाळी ते गवत व्हॅक्यूम क्लीनरने साफ करणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. उरलेल्यांकडे रोबो. या सगळ्यांच्या मधोमध बाईंची बाग म्हणजे सरळसरळ रान होतं. पिवळी रानफुलं, गुडघाभर गवत, खाजकुइलीची बहीण शोभेल अशी एक झुडूपजात, आणि त्याच्या मागे मधमाश्यांच्या तीन पेट्या. "यांना फूल टेबलावर हवं, फुलदाणीत," बाई म्हणायच्या. "तेच बागेत उगवलं की तण."

मुळात बाई पार्ल्याच्या. "पार्ल्यात आम्ही फक्त डास पाळले," असं त्या सांगत. संख्याशास्त्र शिकवत होत्या, लग्न झालं, नवऱ्याच्या व्हिसावर इकडे आल्या आणि बरीच वर्षं फक्त स्वयंपाक करत राहिल्या, तोही वर्गात शिकवल्यासारखा. नवरा टोरांटोला गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही. डच सुधारावं म्हणून त्यांनी मधमाश्या पाळायच्या वर्गात नाव घातलं. "वर्गात सगळे म्हातारे डच पुरुष आणि माश्या. म्हाताऱ्यांपेक्षा माश्या जास्त बोलायच्या. म्हणून त्यांच्याशी जमलं."

आता असं वाचून कुणाला वाटेल की बाई चुलीवर भाकरी भाजणाऱ्या, साधी राहणी वगैरे असतील. अजिबात नाही. डिशवॉशर लावताना त्या त्याला हात जोडायच्या. विजेची सायकल त्यांनी घेतली होती आणि ती त्या कायम सगळ्यात वरच्या वेगात चालवायच्या. स्टेशनकडे जाताना वाऱ्याशी झगडत मी पायडल मारत असायचे आणि मागून घंटी वाजवत, कुडता फडफडवत बाई मला मागे टाकून जायच्या. वर "जोर लाव!" असं ओरडायच्या. ऑक्टोबर लागला की विजेचं पांघरूण.

"मग रोबोने तुमचं काय घोडं मारलंय?" मी एकदा विचारलं.

"सोय म्हणजे काय? तुझं काम दुसऱ्या कुणीतरी करणं," बाई म्हणाल्या. "ते कोण करतंय एवढं माहीत असावं. भांडी यंत्र घासतं, मला माहीत आहे. तुझं सफरचंद कोण करतं?"

"सुपरमार्केट," मी मुद्दाम म्हणाले.

याची शिक्षा मला शनिवारी मिळाली. सकाळी सकाळी दारावर थाप. "ऊठ. आज तू माशी."

मागे त्यांचं एक छोटं काचघर होतं, त्यात लाल भोपळ्याचे वेल. बाईंनी काचघराचं दार लावून घेतलं, माश्यांना आत यायला बंदी, आणि माझ्या हातात लहान मुलांच्या रंगपेटीतला कुंचला दिला. हे नर फूल, ही मादी फुलं, मादीच्या खाली इवलासा भोपळा असतो तो बघायचा. इथली पिवळी भुकटी उचलायची, तिथे नेऊन लावायची. "लाजतेस काय? तुझं लग्न नाहीये, त्यांचं आहे."

मी वाकून वाकून ते केलं. माझी कंबर धरली, नाकात परागकण गेले, शिंका आल्या. शिंकेने अर्धी भुकटी उडून गेली. बाई स्टुलावर बसून चहा पीत होत्या आणि "माशी शिंकत नाही" एवढंच म्हणत होत्या. पुढे त्यातल्या काही फुलांना भोपळे धरले, बाकीची पिवळी पडून गळाली. बाहेरच्या वेलावर, माश्यांनी ज्यात लक्ष घातलं होतं त्यावर, इतके भोपळे आले की मी ऑफिसात भोपळे वाटत होते.

हाच प्रयोग त्यांनी मराठी मंडळाच्या उन्हाळी सहलीत मुलांवर केला. "हा नवरा, ही बायको आणि तू मधला दलाल," असं त्या एका सहा-सात वर्षांच्या मुलीला समजावत होत्या. मुलीची आई धावत आली. "अहो, जरा वेगळ्या शब्दांत सांगा ना."

"कोणत्या? तुम्ही सांगा, मी म्हणते."

आई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. मुलीला मराठी कळत होतं, पण ती बोलायची डच. तिने शांतपणे डचमध्ये विचारलं, "त्यांच्यासाठी ॲप का नाही बनवत?" बाई इतक्या हसल्या की त्यांना गवतावर बसावं लागलं. "अगं, ॲपच आहे ते! माशी म्हणजे त्यांचं ॲप. आणि आपण ते फोनवरून काढून टाकतोय." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "या ताईला सांग. ती बनवते असलं काहीतरी."

शेजाऱ्यांना आम्ही आपसात 'महापौर' म्हणायचो. निवृत्त, उंच, एकटे. कचऱ्याच्या दिवशी साऱ्या रस्त्यावरच्या डब्यांची तोंडं एका दिशेला करत फिरायचे. रोबो त्यांचाच. त्यांनी बागेतल्या खोपटावर एक कॅमेरा बसवला होता, आणि तो आपल्या पेट्यांकडे रोखलाय असं बाईंचं म्हणणं होतं. महापौर म्हणायचे, तो फक्त माझं गवत बघतो. बाईंनी वाद घातला नाही. कुंपणालगत एक बांबू उभा केला आणि कॅमेऱ्याच्या बरोब्बर समोर आपला जुना मरून रंगाचा परकर टांगला. पलीकडच्या घरातल्या डच बाई मला रस्त्यात भेटल्या आणि विचारू लागल्या, आज तुमचा कुठला सण आहे का? मी हो म्हणाले. काय सांगणार?

मे महिन्यातली एक दुपार. मी घरूनच काम करत होते, खाली स्वयंपाकघरात बसून. बाईंचा लँडलाइन वाजला. आपल्या भागातल्या मधमाशीपालक मंडळाने कुठे माश्यांचा घोस येऊन बसला तर फोन करायला बाईंचा नंबर दिलेला होता. बाईंनी फोन उचलला आणि एकदम सरकारी डचमध्ये म्हणाल्या, "मधमाशीपालक मंडळ, घोस विभाग. बोला."

पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू येत होता. महापौर. रोबोच्या घरकुलावर माश्या येऊन बसल्या आहेत, हजारो आहेत, खेमेन्टेला फोन केला तर नगरपालिकेवाल्यांनी हा नंबर दिला.

"पत्ता सांगा."

महापौरांनी पत्ता सांगितला.

"जवळची खूण?"

शेजारच्या खिडकीतला पडदा सरकला. मग, "मेव्राऊ," म्हणजे बाईसाहेब, "तुम्ही मला खिडकीतून दिसताय."

"मलाही तुम्ही दिसताय. जवळची खूण सांगा, नियम आहे."

"शेजारी जंगल आहे," महापौर म्हणाले.

बाई खूश झाल्या. पुठ्ठ्याचं खोकं आणि जुनी चादर घेऊन निघाल्या, मागोमाग मी. रोबो चार्जिंगला जातो त्या जागेवर एक छोटं छप्पर होतं आणि त्या छपराच्या कडेला फणसाएवढा माश्यांचा गोळा लोंबत होता. गोळा आतल्या आत हलत होता, कढईतल्या उकळीसारखा. रोबो आत अडकला होता आणि 'रस्ता अडलेला आहे' अशी शिटी मारत होता.

"तुमचा कैदी ओरडतोय," बाई म्हणाल्या.

"या तुमच्याच माश्या आहेत ना?"

"होत्या. नवी राणी आली की जुनी निम्मं घर घेऊन निघते. टोरांटोला जावं तसं. सध्या त्या तुमच्याकडे पाहुण्या आहेत."

"घेऊन जा त्यांना. प्लीज."

"नेते. पण महिना संपेपर्यंत रोबो बंद."

"ही माझी बाग आहे, मेव्राऊ."

"मग ठेवून घ्या पाहुणे. काही बोलत नाहीत. फार खातही नाहीत."

महापौर माझ्याकडे वळले. "तू तर हे ॲप बनवतेस. सांग तिला, महिनाभर बंद ठेवायची सोयच नसते म्हणून." खोटं बोलणं जड गेलं. मी त्यांचा फोन घेतला, शोधलं. त्यांच्या कंपनीच्या ॲपमध्येही 'सुट्टी' नावाचं बटण होतं, आमच्यासारखंच. आमचं मी स्वतः बनवलं होतं आणि ते कुणी वापरल्याचं कधी ऐकलं नव्हतं. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एकदा त्या फणसाकडे पाहिलं आणि बटण दाबलं. रोबोची शिटी थांबली.

बाईंनी हातमोजे न घालता खोकं खाली धरलं आणि छपराला एक धक्का दिला. सगळा गोळा धप्पकन आत पडला. खोकं चादरीवर उपडं ठेवून त्याच्या एका कडेखाली दगड सरकवला आणि आम्ही तिघं बघत राहिलो. उडालेल्या माश्या एकेक करून त्या फटीतून आत जाऊ लागल्या, लग्नाच्या पंगतीला जावं तशा. महापौर आधी खोपटाच्या आड उभे होते. हळूहळू पुढे आले. तिन्हीसांजेला बाई खोकं उचलून मधमाशीपालक मंडळातल्या एका नवशिक्याला द्यायला गेल्या तेव्हा ते खुर्ची टाकून बसले होते.

त्यांचं गवत पुढच्या काही आठवड्यांत रानफुलांनी आधी पिवळं झालं, मग पांढरं. महापौर मागे हात बांधून बागेत उभे राहायचे, पहिल्यांदाच दाढी वाढलेल्या माणसाने आरशात बघावं तसे. जून आला. रोबो सुरू झाला नाही. मी विचारलं तर म्हणाले, बॅटरी खराब झाली. बॅटरीचा हिरवा दिवा मला माझ्या खिडकीतून दिसत होता.

हे सगळं गंमतीत चाललं होतं. मग ऑगस्टमध्ये ते झालं.

बाईंना आयुष्यात किती माश्या चावल्या याची गणतीच नव्हती. चावली की त्या "आगाऊ" म्हणायच्या, काटा नखाने काढायच्या आणि कामाला लागायच्या. संधिवाताला बरं असतं, असंही म्हणायच्या. त्या दिवशी मी ऑफिसात होते. मध काढायचे दिवस. बाई पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटी बाहेर काढत होत्या आणि एक माशी मानेवर चावली. नेहमीसारखीच. पण या वेळी शरीराने वेगळंच ठरवलं. अंगभर गांधी उठल्या, घसा आवळत आला, आणि घराकडे निघालेल्या बाई वाटेतच कोसळल्या.

महापौर घरात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांच्या फोनवर कॅमेऱ्याचा निरोप आला, 'बागेत व्यक्ती'. त्यांनी उघडून बघितलं. कुंपणापलीकडे, उंच गवतात, एक माणूस पडलेलं होतं. ते दरवाजाने फिरून आले नाहीत, सरळ कुंपणातून आले. हात ओरबाडून घेतले. ॲम्ब्युलन्स बोलावली, आणि मग मला फोन केला. रोबो बिघडला की मला विचारायचे, म्हणून माझा नंबर त्यांच्याकडे होता. "ती श्वास घेते आहे," हे त्यांनी आधी सांगितलं आणि काय झालं ते नंतर. स्लोटरडाइकहून परत येतानाची ती ट्रेन मला अजून आठवते. कधी नाही ती वेळेवर धावत होती, तरी मला सावकाश वाटत होती.

हॉस्पिटलात बाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पुरीसारखा टम्म फुगलेला, डोळ्यांच्या जागी दोन चिरा. मला बघून म्हणाल्या, "परकर धुवायला टाकला होता म्हणून वाचले. स्वच्छतेचे फायदे."

मी हसले आणि मग रडले. बाईंना दोन्ही आवडलं नाही.

डॉक्टर तरुण होती. तिने समजावलं की वर्षानुवर्षं माश्या चावून घेणाऱ्यांना कधीकधी असं अचानक उलटतं. आता बरोबर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन बाळगायचं. विषाची सवय व्हावी म्हणून एक उपचार आहे, त्यात तेच विष थोडं थोडं करून टोचतात, काही वर्षं.

"थोडं थोडं विष, सवय होईपर्यंत," बाई मला मराठीत म्हणाल्या. "म्हणजे लग्नच की."

"आणि तोपर्यंत माश्यांजवळ जायचं नाही," डॉक्टर म्हणाली. "जमलं तर कुणाला तरी देऊन टाका."

"माश्या असल्या तर मी मरेन. माश्या नसल्या तर तुम्ही सगळे मराल."

"तेही बरोबर असेल," डॉक्टर म्हणाली. "पण आत्ता माझ्यासमोर फक्त तुम्ही आहात."

बाईंनी डोळ्यांच्या चिरा मिटून घेतल्या. मग आम्ही घरी आलो. मधमाशीपालक मंडळाच्या लोकांना मी कळवलं, ते शनिवारी गाडी घेऊन पेट्या न्यायला येतो म्हणाले. बाई "बरं" म्हणाल्या. त्यांनी स्वयंपाकघरातली आपली खुर्ची उलटी फिरवली आणि खिडकीकडे पाठ करून बसू लागल्या. टोमणा नाही, उपदेश नाही. त्यांना चिडवायला मी यंदा भर हिवाळ्यात सुपरमार्केटची स्ट्रॉबेरी आणेन म्हणाले, तरी नाही. मी त्यांच्या घरात राहायला लागल्यापासून मला पहिल्यांदाच भीती वाटली.

"मी बघते पेट्या," मी म्हणाले.

"तू? तुला मुंगी चावली तरी आजारपणाची रजा टाकतेस."

हे खरं होतं.

शुक्रवारी बेल वाजली. दारात पांढऱ्या पोशाखात, जाळीची टोपी घातलेला, चंद्रावर निघाल्यासारखा एक माणूस. पोशाखावर घडीच्या रेघा होत्या आणि बाहीला दुकानाची चिठ्ठी लोंबत होती. महापौर. पोशाख त्यांनी ऑनलाइन मागवला होता, आदल्या दिवशी मागवून दुसऱ्या दिवशी घरपोच.

"मी शिकेन," ते म्हणाले. "मे महिन्यापासून कॅमेऱ्यातून बघतोय. परकर असला तरी बाजूने थोडं दिसतं."

बाईंनी त्यांना टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "का?"

महापौरांनी जाळी वर केली. "रोबोपेक्षा बघायला बरं असतं," ते म्हणाले.

बाई उठल्या, त्यांच्या बाहीची चिठ्ठी दातांनी तोडली आणि खुर्ची पुन्हा खिडकीकडे फिरवली.

शनिवारची गाडी मी नको म्हणून कळवलं. त्यानंतर जे सुरू झालं त्याला शिक्षण म्हणणं कठीण आहे. बाई बंद काचेच्या आड बसायच्या. ज्या कॅमेऱ्याशी त्यांचं एवढं वैर होतं तोच आता पेट्यांकडे नीट वळवून घेतला. त्याला बोलायची सोय होती. मी बाईंना स्मार्टफोन घ्यायला लावला, त्यात ते जोडून दिलं, आणि खोपटाच्या छपरावरून बाईंचा आवाज फोरबर्गच्या त्या शांत रस्त्यावर घुमू लागला. सुरुवात डचमध्ये व्हायची. महापौरांनी चौकट जरा धसमुसळेपणाने उचलली की आवाज मराठीत जायचा. "अरे सावकाश! सावकाश, मुडद्या!"

महापौर हे दोन शब्द शिकले. पहिल्याचा अर्थ त्यांना संदर्भाने कळला. दुसऱ्याचा त्यांनी मला विचारला. मी म्हणाले, प्रेमाने म्हणतात, जवळच्या माणसाला. याचा परिणाम गणपतीत झाला. बाईंनी त्यांना मराठी मंडळाच्या आरतीला नेलं, पंचामृतासाठी मधाची बरणी घेऊन. मंडळाचे अध्यक्ष स्वागताला पुढे आले तसे महापौर हात जोडून, वाकून, स्पष्ट मराठीत म्हणाले, "नमस्कार, मुडद्या." अध्यक्ष जागेवर थिजले. बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं आणि माझ्या दंडाला चिमटा काढला, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं.

त्याच सुमारास ती गांधीलमाशी आली. इथे तिला सरळ 'आशियाई' म्हणतात. पेटीच्या दारासमोर हवेत लटकत राहते आणि घरी येणारी दमलेली माशी वरच्या वर उचलून नेते. रस्त्यावर सगळ्यांना तिच्याबद्दल बोलायचं असायचं. परकराला सण समजलेल्या डच बाई आमच्या बाईंना म्हणाल्या, "बाहेरून आलेल्या या जातीचा फार त्रास आहे, इथल्यांना जगू देत नाही."

"हो ना," बाई म्हणाल्या. "ती मालाच्या खोक्यातून आली म्हणतात. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले."

डच बाई लालबुंद झाल्या. बाईंनी त्यांना मधाची एक बरणी देऊन टाकली.

मी दिवाळीत पुण्याहून डास मारायची विजेची बॅट आणली. महापौर ती घेऊन दुपारभर पेट्यांशेजारी उभे राहायचे. वरून बाईंची सूचना, "डावीकडे! अहो तुमच्या डावीकडे!" आणि चट्ट असा आवाज. पण ती एकटी कुठे होती? एकीला मारावं तर दुसरी हजर. माश्यांनी घाबरून बाहेर पडणंच कमी केलं. हिवाळ्यासाठी साठा करायचे दिवस होते ते. साखरेचा पाक ठेवला, होईल ते केलं. जानेवारीत एका पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा ढीग दिसला. मग दुसऱ्या पेटीच्या. महापौरांनी झाकणं उघडली, आत बघितलं आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून नुसती मान हलवली. 

तिसरी पेटी थंडीत उघडायची नाही, असं बाईंनी बजावलं होतं. उघडली तर आतली ऊब जाते आणि असलेल्याही मरतात. वाट बघायची, बस. फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस ऊन पडलं. इतरांच्या बागांतही क्रोकसची पहिली फुलं वर आली होती. अशा दिवशी माश्या थोडा वेळ तरी बाहेर पडतात. आम्ही तिघं सकाळपासून बघत होतो. एकही माशी बाहेर पडली नाही.

"पेटीला कान लावा," बाई फोनवरून म्हणाल्या.

महापौरांनी टोपी मागे सारून कान लावला. मग माझ्याकडे बघून आपल्या कानातलं यंत्र दाखवलं. ते लाकडाला लागून शिट्टी मारत होतं. मी लावला, तर मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं, की माश्या, काही सांगता येईना. तेव्हा बाई म्हणाल्या, "फोन लावा पेटीला. मी ऐकते."

महापौरांनी त्यांचा फोन पेटीच्या फळीला टेकवला. काचेपलीकडे बाई आपला फोन कानाशी धरून बसल्या. आम्ही श्वास रोखून उभे. बराच वेळ गेला. बाईंनी डोळे मिटले, उघडले आणि मान खाली घातली. "काही नाही," त्या म्हणाल्या. इतक्या हळू की मला ते ओठांवरूनच कळलं.

महापौर फोन उचलायला वाकले, आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. मी त्यांच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावला. आमच्याच धंद्यातली गोष्ट. हल्लीचे फोन शहाणे असतात. माणसाचा आवाज तेवढा पुढे पाठवतात आणि मागची सगळी घरघर, गुणगुण कचरा समजून गाळून टाकतात. सोय म्हणून. मी सेटिंग शोधलं, गाळणी बंद केली, आणि फोन पुन्हा फळीला लावला.

बाईंनी एकदम हात वर केला. पंजा आमच्याकडे, गप्प बसा म्हणून. आम्ही आधीच गप्प होतो. ऊन आता सरकून काचेवर आलं होतं, त्यामुळे त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. हात तेवढा दिसत होता, तो तसाच वर.

मग फोनमधून आवाज आला. "आहेत."

महापौरांनी माझा खांदा इतक्या जोरात दाबला की दुखलं.

"फोन तिथेच ठेवा," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं निघा तिथून. तुमच्या सावलीने थंडी वाजेल त्यांना."

"पण माझा फोन..." महापौर म्हणाले.

"तुम्हाला कोण फोन करतंय? मीच करते ना? मी आहे लाइनवर."

महापौरांनी फोन फळीला टेकवून ठेवला, आपली लोकरीची टोपी काढून त्याच्यावर घातली आणि आम्ही घरात आलो. बाईंनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चहा आम्हीच करून घेतला. त्यांचा कप त्यांच्यापुढे ठेवला, तो तिथेच गार झाला. त्या कानाला फोन लावून, खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या, आणि मधूनमधून "हं... हं..." म्हणत होत्या, पलीकडून कुणीतरी घरचं सगळं सविस्तर सांगत असल्यासारखं.